गोळीवरचा तांब्याचा मुलामा: नेम खरंच सुधारतो का? प्लेटेड बुलेट आणि शिसंबंदीचं गणित

जुलै २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने एक निर्णय जाहीर केला. शिकारीच्या छऱ्यांमध्ये १ टक्क्यापेक्षा जास्त किंवा मोठ्या कॅलिबरच्या गोळ्यांमध्ये ३ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं असेल, तर त्यांच्यावर बंदी. बदल करायला तीन वर्षांची मुदत. लष्कर, पोलीस आणि अव्वल खेळाडूंना सूट. युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागांवर शिशाचे छरे फेब्रुवारी २०२३ पासूनच बंद आहेत. २०२५ च्या सुरुवातीला युरोपियन कमिशनने त्याहून मोठ्या निर्बंधांचा मसुदा सदस्य देशांपुढे ठेवला. कॅलिफोर्नियात तर शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंद आहे.

अशी बातमी आली की रील्समध्ये एक सोपं उत्तर फिरायला लागतं: "मग काय, तांब्याचा थर दिलेल्या गोळ्या वापरा. शिसं पण गेलं आणि नेमही सुधारला!"

या गोळ्यांना प्लेटेड बुलेट म्हणतात. अमेरिकेत पिस्तुलाने नेमबाजी करणारे हौशी लोक त्या भरपूर वापरतात. पण वरचं वाक्य कितपत खरं आहे? थोडक्यात उत्तर असं:

- नेम: मुलामा एकसारखा असेल आणि तो फाटला नाही, तर प्लेटेड गोळी चांगला नेम देते. तांबं आहे म्हणून आपोआप देत नाही.
- शिसं: गेलं नाही. फक्त झाकलं गेलं.

आता हे असं का, ते एकेक करून बघूया.

आधी काडतूस म्हणजे काय?

बोलताना आपण सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. पण पिस्तुलात जे भरतात ते काडतूस. त्याचे चार भाग असतात: पितळेची केस, तिच्या बुडाला बसवलेला प्रायमर, आत दारू म्हणजे पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा ओढला की पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू जळते, गॅस तयार होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो.

गोळी निघून जाते, पण पितळी केस जागेवरच राहते आणि ती पुन्हा वापरता येते. अमेरिकेत लाखो लोक रिकाम्या केस गोळा करून त्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवतात. याला रीलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आपल्या पिस्तुलाला नेमकं काय मानवतं ते स्वतः ठरवता येतं. तिथे हा कायदेशीर छंद आहे. भारतात परिस्थिती पूर्ण वेगळी आहे, त्यावर पुढे येऊच.

शिसं, मुलामा आणि जॅकेट: फरक काय?

पूर्वी गोळ्या निव्वळ शिशाच्या असत. शिसं जड, स्वस्त आणि मऊ. पण गोळीचा वेग वाढत गेला तसं मऊ शिसं नळीत घासून चिकटायला लागलं. १८८२ मध्ये स्विस लष्करी अधिकारी एडुआर्ड रुबिन याने शिशावर तांब्याचं आवरण चढवलेली गोळी तयार केली. हेच जॅकेट. आज सैन्यात सरसकट जॅकेटवाल्या गोळ्या असतात.

जॅकेट म्हणजे पत्र्याचा एक वेगळा कप असतो. तो बहुतेक वेळा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूचा असतो. त्यात शिसं दाबून बसवतात. साध्या फुल मेटल जॅकेट गोळीचं नाक झाकलेलं असतं, पण बूड बहुधा उघडंच राहतं.

प्लेटेड गोळीची पद्धत वेगळी आहे. आधी मऊ शिशाचा गाभा दाबून आकाराला आणतात. मग तो विजेच्या साहाय्याने तांब्याच्या द्रावणात टाकून त्यावर थर चढवतात, अगदी एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांवर चढवतात तसाच. मग गोळी पुन्हा साच्यात दाबून अचूक मापाला आणतात. हा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा थोडा जास्त असतो. जॅकेट त्याच्या कितीतरी पट जाड असतं. शिवाय मुलाम्याचं तांबं जवळपास शुद्ध असल्यामुळे ते जॅकेटच्या मिश्रधातूपेक्षा मऊही असतं.

म्हणजे एक ग्रॅमची बांगडी आणि भरीव सोन्याची बांगडी लांबून सारखीच दिसते, तसंच हे प्रकरण. पण एक गोष्ट मुलाम्याच्या बाजूने जाते: तो गोळीला सगळीकडून, बुडासकट, झाकतो.

आणि "प्लेटेड म्हणजे स्वस्तातला माल" असंही समजू नका. अमेरिकेतले अनेक पोलीस विभाग वापरतात ती स्पीअर कंपनीची गोल्ड डॉट गोळीसुद्धा तांब्याचा थर चढवूनच बनते. फक्त तिचा थर जाड असतो आणि नियंत्रण कडक असतं. म्हणून प्रश्न प्लेटेड की जॅकेटेड एवढाच नाही. थर किती जाड आणि किती एकसारखा, हा खरा प्रश्न आहे.

नेम कशामुळे चुकतो? फोनच्या व्हायब्रेशनचं उदाहरण घ्या

पिस्तुलाच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि हवेत स्थिर राहते. ९ एमएम पिस्तुलात साधारण २५० मिलिमीटर अंतरात एक फेरी, असा पीळ असतो. गोळीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर ती सेकंदाला १,४०० फेऱ्या मारते. मिनिटाला ८४,०००!

आता तुमच्या जुन्या फोनची व्हायब्रेशन मोटर आठवा. तिच्या दांड्यावर एका बाजूला जास्त वजन असतं. मोटर फिरली की ते एकांगी वजन सगळा फोन थरथरवतं. गोळीचंही तसंच आहे. तांब्याचा थर एका बाजूला किंचित जाड बसला, किंवा गोळी नळीत शिरताना वाकडी बसली, तर तिचं वजन मधोमध राहत नाही. फोनमध्ये आपल्याला ती थरथर हवी असते. गोळीत ती नकोच असते.

किती फरक पडतो? साधा हिशेब करू. समजा वजनाचा मध्य फक्त ०.०१ मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका छोट्या हिश्शाने, सरकला आहे. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी तिला सेकंदाला सुमारे ८८ मिलिमीटर इतका बाजूचा वेग मिळतो. २५ मीटर अंतर कापायला तिला ०.०७ सेकंद लागतात. तेवढ्यात ती ६ मिलिमीटर बाजूला जाते. कोणत्या बाजूला, ते जाड भाग सुटताना कुठे होता यावर ठरतं. म्हणजे एक गोळी ६ मिमी डावीकडे आणि दुसरी ६ मिमी उजवीकडे. मिळून १२ मिमीचा पसारा, तोही शूटरचा हात जराही हलला नाही असं धरून!

२५ मीटर प्रिसिजन पिस्तूल प्रकाराच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ ५० मिमीचं असतं आणि आतलं छोटं वर्तुळ २५ मिमीचं. आता लक्षात येईल की केसाच्या हिश्शाएवढी चूकसुद्धा का महागात पडते.

चांगली प्लेटेड गोळी निवडतात कशी?

अमेरिकेतले अनुभवी रीलोडर साधारण या चार गोष्टी बघतात.

१. माप. ९ एमएम जॅकेटेड गोळीचा व्यास सहसा ०.३५५ इंच असतो, शिशाच्या गोळीचा ०.३५६. प्लेटेड गोळ्या दोन्ही मापांत मिळतात. गोळी नळीच्या आट्यांपेक्षा बारीक असेल तर गॅस बाजूने निसटतो, गोळी नीट पकडली जात नाही आणि नेम विस्कटतो. म्हणून आधी नळीचं खरं माप घेतात आणि मगच गोळी मागवतात.

२. बूड. बघणाऱ्याचं लक्ष गोळीच्या नाकाकडे जातं. पण नळीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडतं ते बूड. बुडाची कड एका बाजूला दबलेली किंवा खरबरीत असेल, तर गॅस त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. नाकावरचा छोटा ओरखडा एकवेळ चालतो, बुडावरचा चालत नाही.

३. वजन आणि वेग यांचं गणित. बहुतेक साध्या प्लेटेड गोळ्यांसाठी उत्पादक सेकंदाला साधारण १,२०० ते १,२५० फुटांची मर्यादा सांगतात. जाड थराच्या गोळ्या १,५०० पर्यंत जातात. वेग त्यापलीकडे गेला की पातळ कातडी आट्यांच्या पकडीत फाटू शकते.

इथे एक युक्ती आहे. अमेरिकेतल्या यूएसपीएसए स्पर्धांमध्ये काडतुसाची ताकद "पॉवर फॅक्टर"ने मोजतात: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १,०००. मायनर गटासाठी किमान १२५ लागतो. ११५ ग्रेनची म्हणजे साडेसात ग्रॅमची गोळी १,१५० च्या वेगाने सोडली तर १३२ येतो. १४७ ग्रेनची म्हणजे साडेनऊ ग्रॅमची गोळी फक्त ९०० ने सोडली तरी १३२ च येतो! जड गोळी, कमी वेग, मुलाम्यावर कमी ताण. ९ एमएमच्या स्पर्धकांमध्ये १४७ ग्रेनची प्लेटेड गोळी लोकप्रिय आहे, त्यामागे हे एक कारण.

४. एकसारखेपणा. एका डब्यातल्या वीस-तीस गोळ्या वजन करून बघतात. सगळ्या जवळपास सारख्या असतील तर थरही सारखा असण्याची शक्यता वाढते. डब्यावर "मॅच" छापलंय म्हणून कुणी शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही.

भरताना कुठे बिघडतं?

चांगली गोळी घेतली तरी ती काडतुसात बसवताना खराब करता येते. प्लेटेड गोळीच्या बाबतीत तर फारच सहज.

पहिली जागा: केसचं तोंड. गोळी आत जायला केसचं तोंड आधी किंचित फाकवावं लागतं. ते कमी फाकवलं तर पितळेची धारदार कड तांब्याचा थर सोलून काढते. जास्त फाकवलं तर पितळ लवकर थकतं आणि चिरतं.

दुसरी जागा: क्रिम्प. गोळी बसल्यावर फाकलेलं तोंड पुन्हा सरळ करतात, त्याला क्रिम्प म्हणतात. नवख्याला वाटतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. प्लेटेड गोळीत हे उलटं आहे. जास्त दाबलं की केसची कड मुलाम्यात रुतते आणि गोल चीर पडते. मग नळीतून जाताना तिथूनच तांबं सुटू शकतं. अर्धी कातडी निघालेली गोळी सरळ जाईल कशी? कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर जे होतं, तेच इथे: एका जागी थर गेला की मुलाम्याचा उपयोगच संपतो.

म्हणून जाणकार एक नमुन्याचं काडतूस तयार करतात, मग गोळी परत उपटून काढतात आणि बारकाईने बघतात. हलकी खूण चालते. नखाला लागणारी खाच किंवा आतलं करडं शिसं दिसलं, की सेटिंग बदलायचं.

तिसरी जागा: लांबी. गोळी केसमध्ये ठरल्यापेक्षा खोल बसली, तर आतली मोकळी जागा कमी होते. ९ एमएमच्या छोट्या केसमध्ये त्यामुळे दाब झपाट्याने वाढतो. इथे प्रश्न फक्त नेमाचा राहत नाही, पिस्तूल फुटण्याचा होतो. म्हणूनच दारूचं प्रमाण उत्पादकाने छापलेल्या पुस्तकातूनच घेतात, कमी मर्यादेपासून सुरुवात करतात आणि रीलमध्ये सांगितलेल्या आकड्यावर कधीच विसंबत नाहीत.

ॲपमधला आकडा खरा, पण तो कशाचा?

आता यात स्मार्टफोन कुठे येतो ते बघा. पूर्वी गोळीचा वेग मोजायला मोठं उपकरण नळीपुढे मांडावं लागे. २०२३ मध्ये गार्मिनने खिशात मावणारं रडार आणलं, किंमत सुमारे ६०० डॉलर. ते फोनला जोडलं की प्रत्येक गोळीचा वेग, सरासरी, पॉवर फॅक्टर आणि स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे वेगातला चढउतार ॲपमध्ये दिसतो. झालं! "माझा एसडी फक्त ५" असे स्क्रीनशॉट सुरू झाले.

उपकरण उत्तम आहे. पण त्याच्या आकड्यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात.

पहिला: वेग एकसारखा म्हणजे नेम अचूक. लांब पल्ल्याच्या रायफलसाठी यात बरंच तथ्य आहे. २५ मीटरवरच्या पिस्तुलाला ते तितकं लागू नाही. हिशेब करा: हवेचा विरोध सोडला तर ३५० मीटर वेगाची गोळी २५ मीटर जाईपर्यंत सुमारे २५ मिमी खाली पडते. वेग ३४० झाला तर साडेसव्वीस मिमी. सेकंदाला १० मीटरचा फरक पडूनही खाली पडण्यात दीड मिलिमीटरचाच फरक! झटक्याने नळी वर उचलली जाते त्याचा परिणाम थोडा वेगळा असतो, पण मुद्दा बदलत नाही. वरचा एकांगी वजनाचा हिशेब आठवा: तिथे केसाच्या हिश्शाएवढ्या चुकीने १२ मिमी पसारा होत होता. ॲप वेग मोजतं. मुलामा कुठे जाड आहे आणि कुठे फाटलाय, ते मोजत नाही. जे सहज मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं समजण्याची सवय आपल्याला फिटनेस बँडपासून लागली आहे. इथेही तेच होतं.

दुसरा: पाच गोळ्यांवरून निकाल. पाचच गोळ्या झाडून एसडी ५ आला, तर खरा एसडी ३ पासून १४ पर्यंत कुठेही असू शकतो. हे संख्याशास्त्राचं ९५ टक्के खात्रीचं गणित आहे. तीस गोळ्या झाडल्या आणि तरी ५ आला, तर खरा आकडा साधारण ४ ते ७ च्या मध्ये असतो. टार्गेटवरच्या भोकांनाही हाच नियम. तीन भोकं एकमेकांना चिकटलेला फोटो झकास दिसतो. पण त्याच दिवशीचे बाकीचे फोटो कुठे आहेत, हा प्रश्न विचारायला शिका. हा प्रश्न फोनच्या कॅमेऱ्याच्या तुलनेपासून शेअर बाजाराच्या टिप्सपर्यंत सगळीकडे कामाला येतो.

मग लोक प्लेटेडकडे वळतात का?

याचं उत्तर खर्चात आणि फुप्फुसात आहे.

खर्चाचं आधी. मे २०२४ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर तांब्याने टनामागे ११ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला. शिसं तेव्हा त्याच्या साधारण पाचव्या हिश्शात मिळत होतं. ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने तांब्याच्या अर्धतयार मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. ज्या गोळीत तांबं कमी, तिला या सगळ्याची झळ कमी. जॅकेटपेक्षा मुलाम्यात तांबं कितीतरी कमी लागतं. रंगीत पॉलिमर कोटिंगच्या गोळ्यांना तर तांबं लागतच नाही, म्हणून त्याही जोरात आहेत.

दारूचंही तसंच. धूर न करणारी दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि ते बनतं कापसाच्या सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि जगभर या कच्च्या मालाची ओढाताण सुरू झाली. २०२४ मध्ये अलायंट या अमेरिकी ब्रँडने हौशी रीलोडरना जाणारा दारूचा पुरवठा काही काळ थांबवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडरल, सीसीआय, स्पीअर आणि रेमिंग्टन दारूगोळा हे अमेरिकी ब्रँड झेक प्रजासत्ताकातल्या चेकोस्लोव्हाक ग्रुपने सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास विकत घेतले. युद्ध एका खंडात आणि टंचाई दुसऱ्या खंडातल्या गॅरेजमध्ये, असा हा मामला आहे.

आता फुप्फुसाचं. उघड्या बुडाच्या गोळीखाली गरम गॅस पेटतो तेव्हा शिशाची सूक्ष्म वाफ आणि धूळ हवेत जाते. बंद रेंजमध्ये ती श्वासावाटे आत जाते. प्लेटेड गोळीचं बूड झाकलेलं असल्यामुळे हे प्रमाण घटतं. हा मुलाम्याचा खरा फायदा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

पण शिसं गेलं का? हिशेब काय सांगतो

११५ ग्रेनच्या गोळीचं वजन साडेसात ग्रॅम. तिच्यावर ०.१ मिमी जाडीचा थर धरला, तर तांबं भरतं साधारण ०.४ ग्रॅम. म्हणजे गोळीतलं सुमारे ९५ टक्के वजन शिशाचंच!

ब्रिटनच्या नियमाचा मापदंड आठवा: ३ टक्के. ब्रिटनमध्ये १९९७ पासून खासगी पिस्तुलं जवळजवळ बंदच आहेत, त्यामुळे त्या नियमाचा थेट फटका शिकारीच्या रायफलींना बसतो. पण मापदंड महत्त्वाचा आहे. तो गोळीचं बाहेरचं तोंड बघत नाही, आतलं वजन बघतो. या फुटपट्टीने मोजलं तर प्लेटेड गोळी म्हणजे शिशाचीच गोळी. जमिनीत पडली, फुटली, पावसात भिजली की आतलं शिसं मोकळं होणारच. युरोपच्या मसुद्यात म्हणूनच खेळाच्या रेंजसाठी भर आहे तो गोळ्या अडवून परत गोळा करण्याच्या सोयीवर.

शिवाय गोळी झाकली तरी प्रायमर राहतोच. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचं शिशाचं संयुग असतं. म्हणजे शिसंमुक्त रेंज हवी असेल तर गोळी आणि प्रायमर दोन्ही बदलावे लागतात. नुसत्या तांब्याच्या झगमगाटाने ते होत नाही.

आपल्याकडे काय?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: हे घरी करून बघायचं नाही. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनासाठी किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. अमेरिकेतला छंद बघून इथे ऑनलाइन सामान शोधणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

आपल्याकडे छोट्या हत्यारांची काडतुसं सरकारी कारखान्यांतही बनतात. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातच मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहे.

आणि ऑलिम्पिक नेमबाजी? तिथे चित्र उलटंच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ आणि ५० मीटर प्रकारांत गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची लागते, जॅकेटवाली चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. हे दोन्ही प्रकार .२२ च्या काडतुसांचे. या काडतुसात प्रायमरचा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे रीलोडिंगचा प्रश्नच येत नाही. मग या पातळीवरचे खेळाडू काय करतात? एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या बॅच आपल्या हत्यारातून झाडून बघतात आणि जी जुळेल तिचाच साठा घेतात. तत्त्व तेच: ताकद नाही, एकसारखेपणा.

म्हणूनच शिसंबंदीची चर्चा आपल्याही खेळाडूंना लागू होते. ब्रिटनने अव्वल खेळाडूंना सूट दिली आहे. पण अव्वल होण्याआधी प्रत्येक जण गावातल्या ॲकॅडमीत सराव करणारा साधा पोरगा किंवा पोरगी असतो. सूट फक्त वरच्यांना मिळाली तर खालून खेळाडू तयार कसे होणार? आणि सूट सगळ्यांना दिली तर त्याच पोरांच्या रक्तातल्या शिशाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही आणि मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. या प्रश्नावर सोपं उत्तर नाही. पण "तांब्याचा थर द्या" हे उत्तर तर नक्कीच नाही.

तुम्ही एअर पिस्तूल शूटिंग करत असाल तर एवढं करा

१० मीटर एअर पिस्तुलाचे पेलेटही बहुधा शिशाचेच असतात. म्हणून:

- सराव संपला की साबणाने हात धुवा. मगच फोनला हात लावा. नाहीतर शिशाची धूळ स्क्रीनवरून तुमच्या गालाला, उशीला आणि घरातल्या लहानग्याच्या हाताला लागते.
- पेलेट तोंडात धरू नका. रेंजवर बसून वडापाव खाऊ नका.
- रेंज कोरड्या झाडूने झाडू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.
- सरावाचे कपडे वेगळे धुवा.
- ॲकॅडमीत हवा खेळती आहे का आणि वापरलेले पेलेट कुठे जातात, हे प्रशिक्षकांना बिनधास्त विचारा.

पुढच्या वेळी एखाद्या रीलमध्ये तांबूस, चकाकणारी गोळी हातात धरून कुणी "क्लीन" आणि "ॲक्युरेट" असे दोन शब्द एका दमात म्हणाला, तर दोन प्रश्न विचारा. मुलामा सगळीकडे सारखा आहे हे कशावरून? आणि आत काय आहे?